मुंबई ते लंडन : अंतर आणि वाट

शाळेत असतो तसा पृथ्वीचा गोल समोर घ्यावा, दोऱ्याचे एक टोक मुंबईवर बोटाने दाबून धरावे आणि दुसरे टोक लंडनवर नेऊन ताणावे. दोरा ताठ झाला म्हणजे तो कोणकोणत्या मुलखांवरून जातो, हे पाहण्याजोगे असते. मुंबईहून तो वायव्येस निघतो आणि जवळजवळ कराचीवरूनच जातो. पुढे बलुचिस्तान, मग इराणचे वाळवंट, कास्पियन समुद्राचा नैऋत्येकडील कोपरा, कॉकेशसचे डोंगर, काळ्या समुद्राचा उत्तर किनारा, ओडेसाचा परिसर, पोलंडचा दक्षिण भाग, जर्मनी आणि मग इंग्लंड. भूगोलशास्त्रात या रेषेस बृहद्वृत्ताचा कंस म्हणतात. पृथ्वीच्या पाठीवरील कोणत्याही दोन स्थळांमधील सर्वांत जवळची वाट हीच. तिची लांबी सुमारे ४,४८० मैल, म्हणजे ७,२०० किलोमीटर भरते. भिंतीवरील मर्केटरच्या नकाशात हीच दोन शहरे पट्टीने जोडली तर रेषा मकरानचा किनारा, इराक, सीरिया, तुर्कस्थान आणि बाल्कन प्रदेश यांवरून जाते. डोळ्यास ती सरळ दिसते, परंतु ती सव्वाशे मैलांनी लांब असते.

हे ४,४८० मैल गेल्या शंभर वर्षांत एका मैलानेही कमी झालेले नाहीत. तरीही "जग जवळ आले" हे वाक्य इतक्या वेळा उच्चारले गेले आहे की, जणू कोणी पृथ्वीच आवळून लहान केली, असा ऐकणाराचा समज व्हावा. जवळ काय आले आणि काय आले नाही, याचा नीट हिशेब करावयाचा तर मुंबई-लंडन या एका मार्गाचा इतिहास पुरेसा आहे. आमच्या मध्यमवर्गीय कुटुंबांतून विलायतेस गेलेला मुलगा, त्याच्या पत्राची वाट पाहणारी आई आणि पैसे धाडणारा बाप, ही तीन माणसे या मार्गाशी जितकी बांधलेली होती तितकी दुसऱ्या कोणत्याही मार्गाशी नसतील.

विमानापूर्वीची हकिकत थोडक्यातच सांगतो. शिडाच्या गलबताने केप ऑफ गुड होपला वळसा घालून येण्यास महिनेच्या महिने लागत. मुंबईच्याच गोदीत बांधलेली 'ह्यू लिंडसे' नावाची आगबोट १८३० च्या मार्च महिन्यात वीस तारखेस मुंबईहून निघाली आणि एप्रिलच्या बावीस तारखेस सुएझला पोचली. या तेहतीस दिवसांतील कितीतरी दिवस वाटेवरच्या बंदरांत कोळसा भरून घेण्यातच गेले. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण शंभर वर्षांनी पेट्रोलाच्या बाबतीत तीच पुन्हा घडावयाची होती. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. त्यानंतर आगबोट आणि युरोपातील आगगाडी यांच्या जोडीने विलायतेचे टपाल सुमारे पंधरवड्यात मुंबईस येऊ लागले. म्हणजे पत्राचे उत्तर यावयास महिना, आणि मुलाला लिहिण्याचा कंटाळा असला तर दोन महिने. या महिन्याच्या मापानेच दोन पिढ्यांनी विलायतेचे अंतर मोजले. मैल त्यांना ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती.

१९२९ च्या मार्चमध्ये तीस तारखेस इंपीरियल एअरवेज या ब्रिटिश कंपनीने लंडनच्या क्रॉयडन विमानतळावरून कराचीपर्यंत टपालाची व उतारूंची नियमित वाहतूक सुरू केली. भाडे १३० पौंड, आणि मुदत सात दिवस. परंतु हा सात दिवसांचा प्रवास कसा होता हे पाहिले म्हणजे त्यास विमानप्रवास म्हणावे की नाही, असाच प्रश्न पडतो. उतारू क्रॉयडनला विमानात बसे तो स्वित्झर्लंडमधील बाझलला उतरे. तेथे आगगाडीत बसून रात्रीतून इटलीतील जेनोवाला जाई. जेनोवाला पाण्यावर उतरणारे समुद्री विमान तयार असे. ते रोम, नेपल्स, अथेन्स असे बंदरांवरून उड्या घेत भूमध्य समुद्र ओलांडून त्यास अलेक्झांड्रियास पोचवी. मग इजिप्तमधून तिसरे विमान, ते गाझा, रुतबा, बगदाद, बसरा या वाटेने इराणी आखातावर येई आणि बुशायर, लिंगे, जास्क, ग्वादर असे किनाऱ्याकिनाऱ्याने कराची गाठी.

या वाटेची लांबी पाच हजार मैल धरली आणि त्या काळच्या विमानाचा वेग ताशी शंभर मैल धरला, तर हवेत राहण्याचा काळ पन्नास तास होतो. सात दिवसांचे तास मात्र एकशे अडुसष्ट. बाकीचे शंभराहून अधिक तास कोठे गेले? आगगाडीत गेले, विश्रामगृहात झोपण्यात गेले, पेट्रोल भरण्यात गेले, पहाट होण्याची वाट पाहण्यात गेले. रात्री वाळवंटावरून विमान न्यावे अशी साधने तेव्हा नव्हती. दिवसासुद्धा वाट चुकू नये म्हणून ब्रिटिश विमानदलाने १९२१ साली कैरो-बगदाद टपाल सुरू करताना वाळवंटात जमिनीवर खूण उमटविली होती आणि कित्येक मैल तर चक्क नांगराचे तास पाडले होते. वैमानिकाने वरून त्या तासाकडे पाहात जावयाचे. आकाशातून उडणाऱ्या माणसास शेतकऱ्याच्या औताने वाट दाखवावी, ही कल्पना आम्हांस तरी त्या यंत्राहून अधिक विलक्षण वाटते. आणि धोका तर पावलोपावली होता. सेवा सुरू होऊन सात महिने होतात न होतात तोच, त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, 'सिटी ऑफ रोम' नावाचे समुद्री विमान इटलीच्या किनाऱ्यालगत वादळात पाण्यावर उतरून आतल्या सर्व माणसांसह बुडाले.

आता वरील वाट आणि आपला ताणलेला दोरा यांची तुलना करावी. दोरा कास्पियन आणि काळ्या समुद्रावरून जातो. विमान गेले इजिप्तवरून. याचे एक कारण उघड आहे. चारपाचशे मैलांवर ज्यास पेट्रोल लागते त्यास वाट निवडण्याची मोकळीक नसते, तळाला तळ जोडीत त्याला जावे लागते. पण दुसरे कारण याहून मोठे आहे. तळ तेथेच होते जेथे ब्रिटिशांचे चालत होते : इजिप्त, पॅलेस्टाईन, इराक. कॉकेशसचे आकाश सोव्हिएत सरकारचे होते, आणि तेथून इंग्रजी टपाल नेण्याची गोष्ट कोणाच्या मनातही येणारी नव्हती. इराणचा किनारा मिळाला तो सुद्धा मुदतबंद परवानगीने. मुदत संपत आली तेव्हा तेहरानच्या सरकारने ती वाढविण्याचे नाकारले, आणि १९३२ च्या ऑक्टोबरपासून सगळी वाट उचलून आखाताच्या पलीकडल्या, म्हणजे अरबांच्या, किनाऱ्यावर न्यावी लागली. शारजाच्या शेखाशी करार झाला, वाळूवर धावपट्टी सपाट केली गेली आणि उतारूंना रात्र काढावयास तटबंदीचे विश्रामगृह उभे राहिले. त्या किनाऱ्यावर तेव्हा व्यवहाराचे नाणे हिंदुस्थानचा रुपयाच होते.

याच ऑक्टोबर महिन्यात मुंबई या मार्गास जोडली गेली. तोवर कराचीस उतरलेले विलायती टपाल मुंबईस आगगाडीने येई, आणि आकाशातून मिळविलेल्या वेळातला बराचसा रुळांवर खर्ची पडे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी सहा वाजून पस्तीस मिनिटांनी जे. आर. डी. टाटा हे एका इंजिनाच्या छोट्या पस मॉथ विमानातून पंचावन्न पौंड टपाल घेऊन कराचीच्या द्रिग रोड तळावरून निघाले. अहमदाबादेस पेट्रोल घ्यावयास उतरले. तेथे पेट्रोलाचे डबे बैलगाडीतून आणलेले होते. दुपारी एक वाजून पन्नास मिनिटांनी ते मुंबईत जुहूच्या मैदानावर उतरले. तेथून त्यांचे सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट यांनी टपाल बळ्ळारीमार्गे मद्रासला नेले. आगगाडीस दोन दिवसांच्या आसपास लागणारी मजल सव्वासात तासांत संपली.

जुहूचे मैदान म्हणजे समुद्रालगतची चिखलवट. पावसाळ्यात ते पाण्याखाली जाई. मग चार महिने हा सगळा कारभार पुण्यास हलवावा लागे आणि विमाने येरवड्याच्या तुरुंगाशेजारील मैदानावर उतरत. मुंबईचे हवाई अंतर असे ऋतूप्रमाणे बदलत असे! तरीही पहिल्या वर्षात या सेवेची विमाने एक लाख साठ हजार मैल उडाली. उतारू मात्र त्या साऱ्या वर्षात एकशे पंचावन्न. यावरून त्या काळी विमान हे माणसांचे वाहन नव्हते, पत्रांचे होते, हे स्पष्ट होते. आणि आमच्या मते मध्यमवर्गीय घरांस त्याचा पहिला खरा लाभ झाला तो पत्रांतूनच. १९३८ च्या फेब्रुवारीपासून ब्रिटिश साम्राज्यातील टपालाची योजना हिंदुस्थानास लागू झाली आणि साध्या पत्रावर विमानाचे जादा हशील पडेनासे झाले. विमानात पाऊल टाकण्याचे स्वप्नही ज्या घरात कोणी पाहिले नसेल, त्या घरातील आईचे पत्र विमानाने जाऊ लागले.

येथे काही वर्षे मागे जाऊन एका शर्यतीची आठवण द्यावीशी वाटते. नामदार आगाखान यांनी, इंग्लंड व हिंदुस्थान यांमधील प्रवास एका महिन्याच्या आत एकट्याने विमानातून करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसास पाचशे पौंडांचे बक्षीस लावले होते. १९३० साली तिघे तरुण त्यासाठी निघाले : मनमोहन सिंग, अस्पी इंजिनिअर आणि जे. आर. डी. टाटा. टाटा कराचीहून लंडनकडे चालले होते, तर अस्पी उलट दिशेने येत होते. इजिप्तमधील अबुकीर येथे अस्पींचे विमान ठिणगी देणाऱ्या प्लगाअभावी अडकून पडले होते. टाटा तेथे उतरले, त्यांनी आपल्याजवळचा प्लग प्रतिस्पर्ध्यास दिला आणि पुढे गेले. अस्पी थोडक्या अंतराने जिंकले. तेव्हा त्यांचे वय अवघे सतरा वर्षांचे होते, आणि पुढे १९६० साली ते भारतीय वायुसेनेचे प्रमुख झाले. एका महिन्याची मुदत ही तेव्हा उदार नव्हती, कठीण होती. यावरून त्या वाटेची कल्पना यावी.

स्वराज्य आल्यावर दहा महिन्यांच्या आत, ८ जून १९४८ रोजी रात्री, एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे चार इंजिनांचे कॉन्स्टेलेशन विमान पस्तीस उतारू घेऊन मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गे लंडनला निघाले आणि १० जूनला तेथे पोचले. वैमानिक होते कॅप्टन के. आर. गझदर. सात दिवसांची वाट दीड दिवसाच्या आत आली, आणि ती हिंदी विमानाने, हिंदी वैमानिकाने आणली, याचा आनंद त्या काळच्या लोकांस किती झाला असेल हे सांगावयास नको. (वेळेचा हिशेब मात्र मुंबईकरास सोपा नव्हता. विमानाचे वेळापत्रक भारतीय प्रमाणवेळेचे, लंडनची घड्याळे निराळी, आणि मुंबई शहराचा स्वतःचा 'मुंबई टाइम' प्रमाणवेळेहून एकोणचाळीस मिनिटे मागे. तो थेट १९५५ पर्यंत टिकला. निरोप देण्यास निघालेल्या मंडळींनी कोणते घड्याळ पाहावयाचे?)

या विमानास थांबे दोनच होते. तरी वाट पूर्वीसारखीच वाकडी : कैरो, जिनीव्हा, लंडन मिळून सुमारे ४,९२० मैल होतात, म्हणजे दोऱ्याहून साडेचारशे मैल अधिक. आणि दुसऱ्या एका बाबतीत ती जुन्या वाटेहून कठीण होती. जिनीव्हा आल्प्सच्या पायथ्याशी आहे.

३ नोव्हेंबर १९५० रोजी हेच 'मलबार प्रिन्सेस' विमान मुंबईहून लंडनला जात असता जिनीव्हाजवळ येताना युरोपातील त्या अत्युच्च पर्वतावर, माँ ब्लाँवर, आदळले आणि आतील अठ्ठेचाळीसही माणसे मृत्यू पावली. पंधरा वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, एअर इंडियाचेच 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ जातीचे विमान मुंबईहून निघून दिल्ली व बेरूतमार्गे जिनीव्हास उतरण्याच्या बेतात असताना त्याच पर्वतावर आदळले. आपण शिखर ओलांडले आहे असा वैमानिकाचा समज झाला होता. एकशे सतरा माणसे गेली, त्यांत डॉ. होमी भाभा होते. गोलावरील आपला दोरा माँ ब्लाँच्या उत्तरेस सुमारे पावणेचारशे मैलांवरून जातो. १९५० च्या विमानास वाटेत कोठेतरी उतरणे भागच होते. १९६६ साली जिनीव्हास उतरणे हे इंधनाच्या गरजेपेक्षा त्या शहराच्या उतारूंच्या सोयीचे अधिक असावे. पण वाट एकदा पडली म्हणजे ती मोडण्यास कारण लागते, चालू ठेवण्यास लागत नाही.

या दुसऱ्या विमानातील भारत सरकारच्या राजनैतिक टपालाची एक थैली २०१२ साली हिमनदीच्या बर्फातून वर आली. १९६६ च्या जानेवारीत निघालेले ते टपाल सेहेचाळीस वर्षांनी माणसाच्या हाती पडले. २०२० साली बर्फ आणखी वितळल्यावर त्याच दिवसांची भारतीय वर्तमानपत्रे सापडली, त्यांत इंदिरा गांधी पंतप्रधान झाल्याची बातमी होती.

जेट विमानांच्या काळाविषयी फार लिहिण्याचे कारण नाही, तो पुष्कळांच्या आठवणीतला आहे. ब्रिटिशांचे कॉमेट हे पहिले उतारू-जेट १९५२ साली पूर्वेकडील मार्गांवर उडू लागले, आणि १९५४ साली, धातू दमून फाटतो हे दोन भयंकर अपघातांनी कळल्यावर, बंद पडले. एअर इंडियाची बोइंग ७०७ विमाने १९६० पासून लंडनला जाऊ लागली. ताशी तीनशे मैलांचा वेग साडेपाचशेवर गेला. १९७१ साली त्याहून प्रचंड बोइंग ७४७ आले, आणि पुढे काही वर्षांतच न थांबता लंडन गाठणे ही नित्याची गोष्ट झाली. थांबा गेला, कैरो गेले, जिनीव्हा गेले. कोळशापासून सुरू झालेली इंधनाची अडचण कायमची संपली. जाताना साडेनऊ-दहा तास, येताना तासाभराने कमी. येताना कमी का, असे पुष्कळजण विचारतात. त्या उंचीवर वारा बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराने वाहतो, तो येणाऱ्या विमानास ढकलतो आणि जाणाऱ्यास अडवितो. मैल तेवढेच, आकाशही तेच. वेळ मात्र दिशेवर ठरते.

मग इंधनाची अडचण गेल्यावर विमान दोऱ्यावरून उडू लागले काय? १९९१ मध्ये सोव्हिएत संघराज्य मोडल्यावर ते त्या रेषेच्या पुष्कळ जवळ आले, हे खरे. त्यापूर्वी दोऱ्याचे पहिलेच टोक अडले होते. कराची १९४७ साली परराष्ट्र झाली, आणि १९७१ पासून १९७६ पर्यंत भारत व पाकिस्तान यांची आकाशे एकमेकांच्या विमानांस बंद होती. पुढे दुसऱ्या टोकाकडूनही अडचण आली. १७ जुलै २०१४ रोजी ॲम्स्टरडॅमहून क्वालालंपूरला जाणारे मलेशियाचे विमान पूर्व युक्रेनवर क्षेपणास्त्राने पाडले गेले आणि २९८ माणसे मारली गेली. त्यांना त्या युद्धाशी काहीही कर्तव्य नव्हते. त्यांची वाट त्यावरून जात होती, इतकेच. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युद्ध पेटताच युक्रेनचे सारे आकाश नागरी विमानांस बंद झाले, म्हणजे ओडेसा दोऱ्यातून गेले. २०१९ साली फेब्रुवारीच्या अखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपले आकाश मिटले होते. २४ एप्रिल २०२५ रोजी त्याने ते भारतीय विमानांस पुन्हा बंद केले, आणि त्याच वर्षी जून महिन्यात इराणचे आकाशही काही दिवस मिटले.

१९२९ साली इंधनास मर्यादा होती आणि परवानगीसही होती. आता इंधन दहा हजार मैलांचे वाहून नेता येते आणि परवानगी जेथल्या तेथेच आहे. यंत्रविद्येने मिळविलेले तास राजकारणाने परत घ्यावेत, असा हा व्यवहार आहे. त्याचा भुर्दंड पडतो तो उतारूवर. कित्येक वेळा तासा-दोन तासांचा वळसा, जादा जळलेले तेल आणि वाढलेले भाडे असे त्याचे स्वरूप असते. अभ्यासासाठी मुलगी लंडनला असलेल्या पुण्या-मुंबईच्या घरात तिकीट काढताना नकाशा कोणी पाहात नाही. पण कोणत्या तारखेस कोणत्या देशाने आपले आकाश मिटले, याचा परिणाम तेथल्या हिशेबाच्या वहीत उमटतो.

२०२५ च्या त्या एप्रिलनंतर मुंबईहून लंडनला निघालेले भारतीय विमान वायव्येस वळण्याऐवजी आधी पश्चिमेस समुद्रावर जाऊ लागले. कराची उजव्या हातास दूर ठेवून ते अरबी समुद्र ओलांडी आणि ओमानच्या बाजूने आखातावर येई. इराणने किनारा नाकारल्यावर १९३२ च्या ऑक्टोबरात टपालाची विमाने उतरू लागली, ते शारजा याच बाजूस आहे.